पुढील उपचारासाठी रवाना

मुर्री, ३ ऑगस्ट २०२४

चि. उमेंद्र यास,

आशीर्वाद. परवा रिंकीचा दहावा झाला आणि नागपूरला परतताना तू तुझं टिपण माझ्या टेबलावर ठेवून गेलास. म्हणालास, "आत्या, तू छत्तीस वर्षं नर्स होतीस, वाचून सांग." वाचलं. सांगते. पत्रानेच सांगते, कारण फोनवर माणूस अर्धंच ऐकतो.

बावीस पानं आहेत. एकतीस चौकोन आणि त्यांच्यामधून इकडून तिकडे जाणारे बाण, जणू कुणीतरी कोंबड्यांच्या पायांना शाई लावून सोडल्यात. आणि शेवटी तुझं वाक्य: "हिरडाटोला आरोग्य केंद्रावरील हिंसा ही कुणा एकाची कृती नसून गुंतागुंतीच्या व्यवस्थेतून उद्भवली." उद्भवली? हिंसा काय बांधावरचं गवत आहे, पाऊस पडला आणि उगवलं? आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मदर पट्टी उभी धरून बोटांवर मारायच्या. त्या पट्टीमागे हात असायचा आणि हातामागे मदर असायच्या. व्यवस्था नसायची.

तुझ्या बावीस पानांत नाही ते मी लिहिते. तेवीस जुलैला, भर दुपारी सव्वाबाराला, केंद्रातली नर्स मंजू एका बाळाचं वजन करत होती. तिला केसांना धरून ओढत व्हरांड्यात आणलं. पहिला फटका सलाइनच्या लोखंडी स्टँडचा. जबडा दोन ठिकाणी मोडला, चार दात फरशीवर. खाली पडली तेव्हा पोटात लाथा. मग कपाट फोडलं, त्यात सापाच्या लसीच्या दहा कुप्या निघाल्या. त्या बघून "होती ना! होती ना लस!" असं ओरडत पुन्हा मारलं आणि कुप्या तिच्या पाठीवर फोडल्या. गोंदियाला तिच्या पाठीतून काच काढली तेव्हा मी उशाशी उभी होते. सतरा तुकडे. मोजायला मी होते, तुझे चौकोन नव्हते.

रिंकीसाठी मी रडत नाही असं समजू नकोस. नऊ वर्षांची पोर, साप चावून गेली. हेमेंद्र तुझा धाकटा भाऊ आहे तसा माझा भाचा आहे, मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. त्याची मुलगी माझी नातच. पण म्हणून मंजूचा जबडा मोडायचा? लस कुलपात होती, कारण तो नियम आहे, आणि तो नियम माझा आहे. २००७ साली शामकला नर्सने डॉक्टर नसताना लस टोचली, रोगी रिॲक्शनने गेला आणि त्याच्या भावांनी शामकलाचा हात खांद्यातून उखडला. मी तेव्हा तालुक्याची पर्यवेक्षिका होते. प्रत्येक केंद्रातल्या कपाटाच्या दारावर मी स्वतः कागद चिकटवला: "डॉक्टर हजर नसल्यास कुलूप उघडू नये. रुग्णास पुढील उपचारासाठी रवाना करावे." त्यानंतर सतरा वर्षं त्या केंद्रांतल्या एकाही नर्सवर हात उगारला गेला नाही. त्या दिवशी डॉक्टर बैठकीला गेले होते. मंजूने नियम पाळला.

चौकशी समिती तीन सप्टेंबरला बसते. मंजूला निलंबित केलं आहे. मारणारे "बाहेरचे, अनोळखी" म्हणे. त्यांची नावं आली नाहीत तर कागदावर एकच नाव उरेल, तिचं, आणि तिची नोकरी जाईल. समितीने तुझ्याकडे अहवाल मागितलाय. बाण पुसून टाक आणि नावं लिही.

तुझी आत्या,
सुशिला

•

नागपूर, ११ ऑगस्ट २०२४

ती. आत्या,
सा. न.

तुझं पत्र वाचून कान गरम झाले, लहानपणी व्हायचे तसे. तरी उत्तर देतो.

आत्या, शिवणयंत्र बिघडलं तर कुठला स्क्रू ढिला झाला ते शोधता येतं. दवाखान्यांची साखळी शिवणयंत्रासारखी नसते, ती आपल्या धानाच्या शेतातल्या बांध्यांसारखी असते. एका बांधीचं पाणी तू अडवलंस की तुझा धुरा, तुझा बांध वाचतो, पण खालच्या तिसऱ्या बांधीचा फुटतो. त्या तिसऱ्या बांधीवाल्याने तुला कधी पाहिलेलंही नसतं. प्रत्येक जण आपला धुरा वाचवतो आणि सगळं मिळून कुणीच न ठरवलेलं काहीतरी घडतं. गुंतागुंतीचा सिद्धान्त एवढंच सांगतो. मी दोन वर्षं या तालुक्यातल्या रुग्ण पुढे पाठवायच्या चिठ्ठ्या तपासतोय, रिंकीच्या आधीपासून.

तुझ्या नियमाबद्दल सांगतो. रागावू नकोस. नर्सना मार बसला नाही हे खरं आहे. पण त्याच सतरा वर्षांत "पुढील उपचारासाठी रवाना" झालेले साप चावलेले एकेचाळीस जण रस्त्यात गेले. नातेवाईक त्यांना घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात पोचायचे आणि तिथल्या लोकांना मारायचे. नऊ वेळा मारलं. म्हणून तिथले लोकही भीतीने पुढे, गोंदियाला पाठवू लागले. मार थांबला नव्हता आत्या. तोही पुढे रवाना होत होता. या वेळी तो फिरून मागे आला.

तेवीस जुलैचा तक्ता सोबत आहे. सकाळी सहाला रिंकी पोटात दुखतं म्हणत उठली, रविताने लेकीला ओवा दिला. पापण्या मिटायला लागल्या तेव्हा मण्यार चावल्याचं कळलं. ८.१० ला आईबाप तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून केंद्रावर आले. ८.५० ला चिठ्ठी आणि रुग्णवाहिका. ९.३५ ला रस्त्यात श्वास थांबला. १२.१५ ला हल्ला. १.३० ला तालुक्याच्या रुग्णालयातून देह ताब्यात.

एक जागा रिकामी आहे. ८.४१ ला मंजूच्या फोनवरून एक कॉल गेला. एक मिनिट दहा सेकंद. त्यानंतर तिने चिठ्ठी लिहिली. कुणाला केला हे ती सांगत नाही. तिचा जबडा तारेने बांधलाय, मी वही पुढे केली तर "आठवत नाही" लिहून दिलं. पोलिसांकडे नंबर येईल तेव्हा येईल. तू विचारलंस तर तुला सांगेल का? ती तुला देव मानते.

तुझा,
उमेंद्र

•

मुर्री, १६ ऑगस्ट २०२४

चि. उमेंद्र,

एकेचाळीसचा आकडा वाचला. दोनदा वाचला. त्यावर मला आज बोलायचं नाही.

फोनचं सोड. घाबरलेली मुलगी, कुणाला तरी केला असेल. आईला केला असेल. त्या एका मिनिटाच्या मागे लागून तू मुख्य गोष्ट बाजूला सारतो आहेस.

मुख्य गोष्ट तुझ्याच तक्त्यात सापडली. तू मोठा संशोधक असशील, पण शवागाराच्या दारात तू कधी उभा राहिला नाहीस. मी राहिले आहे. १.३० ला देह ताब्यात घेतल्याच्या पावतीची नक्कल तू जोडली आहेस. खाली सही रविताची. वाकडी, अर्धी रेघेबाहेर गेलेली, पण तिचीच. उमेंद्र, आपल्याकडे लेकराचा देह बाप घेतो. बाप कोसळला तर आजा घेतो, काका घेतो. बाप हजर असताना आईने सही केलेली मी छत्तीस वर्षांत एकदाच पाहिली, आणि तो बाप तुरुंगात होता.

मला तुम्ही सगळ्यांनी सांगितलं की हेमेंद्र दिवसभर रिंकीच्या देहाजवळ बसून होता. दहाव्याला केशोराव दादाने माझ्यासमोर, सगळ्या गावासमोर सांगितलं, "पोरगा जागचा हालला नाई." माझा सख्खा मोठा भाऊ माझ्या डोळ्यांत बघून बोलला. तू शेजारी उभा होतास आणि द्रोणातला भात चिवडत होतास.

मग सही करायला तो कुठे होता?

तालुक्यापासून हिरडाटोला मोटरसायकलने पस्तीस मिनिटं. मला हिशोब येतो. मला तुझ्या हातचं उत्तर हवं आहे. बाण नको.

सुशिलाआत्या

•

नागपूर, २२ ऑगस्ट २०२४

ती. आत्या,

हो. हेमेंद्रच.

त्याने त्याच दिवशी तीन वाजता मला फोन केला होता. म्हणाला, "दादा, माह्या शर्टवर रगत लागलाय, धुतलो तरी जाऊन नाई राहिला." आधी मला वाटलं रिंकीचं. मण्यार चावल्यावर रक्त येत नाही हे मला नंतर आठवलं.

टिपण लिहिताना मी खोटं काही लिहिलं नाही. चौकोन खरे आहेत, बाण खरे आहेत. फक्त "जमाव" असं जिथे लिहिलंय तिथे मला एक चेहरा दिसत होता आणि मी तो लिहिला नाही. सिद्धान्ताआड माणूस फार नीट लपतो, हे मला आता कळलं.

आत्या, नाव देऊ नकोस. रविता जेवत नाही. रिंकीची चटई अजून तिथेच अंथरलेली आहे, कुणाला उचलू देत नाही. त्यात नवरा तुरुंगात गेला तर ती विहीर जवळ करेल. बाबांनी तुला सांगायला सांगितलंय की आपल्या घरची सून विधवेसारखी बसली तर ते पाप तुझ्या माथी.

मंजूला मी दुसऱ्या कुठल्या तरी रीतीने वाचवीन.

उमेंद्र

•

मुर्री, २८ ऑगस्ट २०२४

चि. उमेंद्र,

काल दुपारी तो आला होता. एकटाच. तू त्याला सांगितलंस, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

दारातूनच म्हणाला, "आत्या, तू समितीत नाव देऊन राहिली म्हणते दादा. काऊन देऊन राहिली?"

म्हटलं, "कारण तू मारलंस म्हणून. कायले मारलंस रे तिला? सकाळी तुझ्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती ती."

"लस होती कपाटात."

"तिचा काय दोष?"

"मंग कोनाचा?"

मी काठीने मारलं त्याला. चालायची काठी, खाली लोखंडी टोपी असलेली. पहिला फटका खांद्यावर, दुसरा पाठीवर, तिसरा कुठे लागला ते मला माहीत नाही. अडुसष्ट वर्षांची बाई आणि एवढा थोराड माणूस. हाताने ढकलला असता तरी मी भिंतीवर आपटले असते. तो हलला नाही. शर्टाची वरची बटणं काढली आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. म्हणाला, "अजून मार." मी मारलं. कातडी फाटली, रक्त आलं, तरी मारलं. मंजूच्या पाठीतले सतरा तुकडे मला दिसत होते. शेजारची गोमती धावत आली आणि तिने मला कमरेला धरून मागे ओढलं. "बाई, मरल तो! कायच्या नर्स तुम्ही!"

मग तो खाली बसला आणि सांगू लागला, माझ्याकडे न बघता. "आत्या, मी तिले मारून राहिलो होतो ना, तं असं वाटे का रिंकी उठन. अजून एक मारलो तं उठन. थांबलो तं मंग मेलीच."

तुझ्या अहवालात हे कुठल्या चौकोनात बसतं, बघ.

जाताना दारात थांबला. म्हणाला, "माहं नाव दे तू. मी नाई पळत. पण तिनं कोनाले तरी फोन लावला होता. मी समोर उभा होतो, रिंकी माह्या हातात होती. ती विचारून राहिली होती, कुलूप खोलू का? फोनवरच्यानं नाई म्हटलं. त्याचं नाव भेटलं तं त्याले मी जित्ता सोडत नाई."

मी काठी भिंतीला टेकवून ठेवली. त्याच्या पाठीला औषध लावलं.

तुझी आत्या

•

गोंदिया, ३१ ऑगस्ट २०२४

आदरणीय मॅडम,
सा. नमस्कार.

तोंड बांधलेलं आहे म्हणून लिहिते. माझं लिहिणं तुम्हाला आवडत नाही, तुम्ही माझ्या रजिस्टरवर लाल पेनाने गोल करायच्या. चुका असल्या तर माफ करा.

हेमेंद्रभाऊंनी मारलं हे मला माहीत आहे. डोळे उघडे होते माझे. पोलिसांना ओळखलं नाही असं सांगितलं, कारण मारताना ते पोरीचं नाव घेत होते. प्रत्येक फटक्याला, "रिंकी, रिंकी." ते ऐकलं आणि मला वाटलं, हा माणूस मला मारत नाही.

फोनचंही मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. काल उमेंद्रसर पुन्हा आले होते. मी वहीत लिहिलं, "माझ्या आईला केला." माझी आई तीन वर्षांमागे वारली, त्यांना कुठे माहीत.

मॅडम, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. मी नोकरीला लागल्यापासून अडचण आली की तुम्हालाच फोन करते. तुम्ही रिटायर झाल्या तरी कधी उचलला नाही असं झालं नाही. त्या दिवशी मी घाबरले होते. म्हटलं, मॅडम, सापाची केस आहे, पापण्या पडल्या आहेत, डॉक्टर नाहीत, किल्ली माझ्याजवळ आहे, कुलूप उघडू का? तुम्ही म्हणाल्या, "नियम कशासाठी केलाय? शामकलासारखा हात उखडून घ्यायचाय? हात लावू नकोस, पुढे पाठव." मी म्हटलं, मॅडम, पण पोरगी तुमच्या... आणि तुम्ही म्हणाल्या, "पुराण नको, चिठ्ठी लिही," आणि फोन ठेवला.

मला "तुमच्या हेमेंद्रची" असं म्हणायचं होतं. नाव राहून गेलं.

पुन्हा फोन लावायला पाहिजे होता. तुम्ही रागावाल म्हणून लावला नाही. ही माझी चूक आहे. नोकरी गेली तर जाऊ द्या. तुमच्यामागे अकरा वर्षं शिकले, तुमचं नाव मी चौकशीत घेणार नाही.

तुमची,
मंजू

•

मुर्री, ५ सप्टेंबर २०२४

चि. उमेंद्र,

अक्षर समजून घे. डाव्या हाताने लिहिते आहे. मंजूचं पत्र सोबत पाठवते, तुझ्या तक्त्यातली रिकामी जागा त्याने भरेल.

परवा समितीपुढे तू खाली मान घालून तुझा अहवाल वाचलास आणि गाडी पकडायला निघून गेलास. त्यामुळे पुढचं तू पाहिलं नाहीस.

मला साक्षीदार म्हणून बोलावलं. अध्यक्षांना वाटलं, निवृत्त बाई, दोन शब्द मंजूच्या चांगुलपणाचे सांगेल. समोर हेमेंद्र आणि रविता तक्रारदार म्हणून बसले होते. मागच्या बाकावर मंजू, तोंडाला पट्टी. मी उभी राहिले आणि घड्याळाच्या क्रमाने सांगितलं. आधी ८.४१, मग १२.१५. म्हटलं, फोन मला आला होता. नाही मी म्हटलं. कागदही माझा, आवाजही माझा. मुलगी कोण, हे मी विचारलं नाही. ती सांगत होती, मी ऐकलं नाही. नर्सने तिला शिकवलं तेच केलं आणि शिकवणारी मी आहे. मंजू मागून माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होती. बिचारी, ओरडता येत नव्हतं.

हेमेंद्र उठला. पोलीस पुढे सरसावला. सगळ्यांना वाटलं, आता हा म्हातारीचा गळा धरतो. मलाही वाटलं. मी काठी बाजूला ठेवली होती. तो दोन पावलं आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या तोंडाला ओव्याचा वास येत होता. मग अध्यक्षांकडे वळला. "मंजूले मी मारलो," म्हणाला. "स्टँडनं." सोबतच्या सहा जणांची नावंही त्यानेच दिली. नाव घेऊन बोट दाखवायची पाळी माझ्यावर त्याने येऊच दिली नाही. पोलिसांनी त्याला तिथूनच नेलं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मंजूचं निलंबन मागे घेतलं. माझ्यावर काय करायचं ते अजून ठरलं नाही. निवृत्त माणसाचं नक्की काय काढून घ्यायचं, हे त्यांना कळत नाही.

मी बाहेर आले आणि पायऱ्यांच्या कठड्याला धरून उभी राहिले. रविता आली. तिने माझ्या हातातली काठी घेतली. मला वाटलं, आधार द्यायला घेते आहे. तिने कठड्यावरच्या माझ्या उजव्या हातावर मारली. एकदाच, पण सगळं अंग लावून. हाड मोडल्याचा आवाज मी पूर्वी खूपदा ऐकला आहे, स्वतःचं पहिल्यांदा. मग काठी तिने माझ्या डाव्या हातात परत दिली, कारण काठीशिवाय मला पायऱ्या उतरता येत नाहीत हे तिला माहीत आहे. दहा वर्षं माझ्या पाया पडते आहे ती.

हे अहवालात लिही. रविता हेमेंद्र कटरे, दुपारी १.१०, एक फटका. माझी तक्रार नाही, पण नोंद हवी. तू बाण आखलेस आणि नावं गाळलीस. मी महिनाभर नावं मागत तुझ्यामागे लागले होते, कारण एक बाण कुठून निघतो ते मला माहीत होतं. आता दोन्ही लिही.

तशीच हिरडाटोल्याच्या केंद्रावर गेले. कपाटाचं फुटलेलं दार अंगणात पावसात पडलं होतं. कागद भिजला होता, तरी निघेना. डिंक मी चांगला लावला होता. डाव्या हाताच्या नखांनी खरवडून काढला.

मंजूच्या जागी नवी मुलगी आहे, वीस-बावीसची. तिने माझी दोन सुजलेली बोटं बघितली, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि घाबरून लगेच चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं. डॉक्टर त्याही दिवशी बैठकीला होते. तिने लिहायला सुरुवात केली, "पुढील उपचारासाठी..."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "पुढे पाठवू नको, बाळ. नाव विचार माझं. आणि बोटं इथंच बांध."

तुझी आत्या,
सुशिला